घासलेली रात्र

एका राज्यात रात्र डबीत ठेवलेली असे. यात नवल काही नाही. दिवसा प्रत्येक राज्याची रात्र कुठे ना कुठे निजतेच. कुणाची जुन्या विहिरीत निजते, कुणाची वडाच्या ढोलीत, कुणाची डोंगरातल्या लेण्यात. राजा अरिंजयाच्या राज्याची रात्र राजवाड्यातल्या कोनाड्यात, ओंजळीत मावेल एवढ्या डबीत निजत असे.

डबी उगवतीच्या बेटांवरून आलेली होती. कधी आली ते राजाच्या पणज्यालाही ठाऊक नव्हते म्हणतात. ती तांब्याची होती, पण तांब्यासारखी दिसत नव्हती. त्या बेटांवरचे कारागीर तांब्यात किंचित सोने वितळवतात. सोने तांब्यात हरवून जाते. मग त्या धातूला असे काही पाणी पाजतात की तो काळा होतो, काजळासारखा काळा, आत कुठेतरी जांभळी झाक असलेला. झाकणावर गवताची पाती होती, चांदी नि तांबे एकत्र करून धुक्याच्या रंगावर आणलेली. वर निव्वळ चांदीचा चंद्र होता. आणि गवतात एक कावळा बसला होता, डबीहून काळा, सोन्याच्या डोळ्यांचा. हे सगळे बारीक चर कोरून त्यांत ठोकून बसवलेले होते, आणि ते इतके बेमालूम की बोट फिरवले तर सांधा लागला नसता. अर्थात बोट फिरवायची कुणाला परवानगी नव्हती.

रोज सूर्य बुडाला की डबीचे झाकण आपोआप केसभर उचलले जाई आणि रात्र एकदम बाहेर पडे. त्या राज्यात आभाळाला सांजरंग म्हणून काही नव्हता. आत्ता उजेड, आणि आत्ता काळोख. पहाटे रात्र परत येई, झाकण मिटे.

घराण्याची रीत अशी, की थोरली राणी डबी सुनेच्या स्वाधीन करी आणि दोनच गोष्टी सांगे. “रेशमाने धरायची. घासायची नाही.” का, ते सांगत नसे. आणि सुनाही विचारत नसत, कारण त्या घरात सासूला ‘का’ विचारायची पद्धत नव्हती.

राजा अरिंजयाची राणी सुवर्चा. स्वभावाने वाईट नव्हती हो, पण तिच्या माहेरी बाईचे मोठेपण तिच्या भांड्यांवरून ठरत असे. ज्या घरच्या घागरीत तोंड दिसत नाही, त्या घरची सोयरीक त्या मुलखात कुणी पत्करत नसे. सुवर्चेने सासरी पाऊल ठेवले आणि चिंच, राख नि काथ्या घेऊन राजवाडा लख्ख केला. मग नगर लख्ख केले. मग राज्यभर दवंडी पिटवली, की तांब्यापितळेवर डाग दिसता कामा नये. चिंचेची झाडे बोडकी झाली. त्या राज्यात दिवसभर उन्हाचेच डोळे दिपत. आणि या सगळ्या चकचकाटात कोनाड्यातली ती एक डबी काळी ती काळीच. राणी येता-जाता तिच्याकडे बघे आणि मान फिरवी. सासू होती तोवर ती गप्प राहिली. पुढे सासू वारली.

राणीला मुलगी झाली. सव्वा महिना सरला, बाळंतीण न्हाली, बारशाचा मुहूर्त दिवेलागणीचा निघाला. नाव ठरले होते उज्ज्वला. राणीच्या माहेरच्या बायका पालख्यांतून येऊन उतरल्या. त्यांतल्या एकीने कोनाड्याकडे पाहिले, नुसत्या भुवया उचलल्या आणि म्हणाली, “अगंबाई.”

एवढेच म्हणाली. पण राणीच्या अंगाची लाही झाली. ती उठली, दासींना बाजूला सारले, डबी उघड्या हाताने उचलली आणि मोरीवर नेली. चिंच लावली, राख लावली, आणि खसाखसा घासली. काळे पाणी निघाले. ते निघतच राहिले, एका डबीतून निघावे त्याहून फार जास्त. शेवटी तांबे लाल चमकले. राणीने डबी पदराला पुसली, कोनाड्यात ठेवली आणि प्रसन्न मुद्रेने पाळण्याकडे वळली.

सूर्य बुडाला. उजेड तसाच राहिला.

आभाळात सूर्य नाही, आणि उजेड आहे. तो कुठूनच येत नव्हता. ताकावरच्या निवळीसारखा फिक्का, चवहीन उजेड सगळीकडे सारखा पसरला होता. समया लावल्या तर ज्योत दिसेना. बायका पाळण्याची दोरी धरून ताटकळल्या. दिवेलागण झाल्याखेरीज नाव ठेवायचे नाही असे शास्त्रीबोवा म्हणाले, आणि दिवेलागण काही होईना. शेवटी बायका बसल्या जागी अवघडल्या, एकेक करून उठल्या आणि नाव न ठेवताच पालख्यांत बसल्या.

पहिल्यांदा लोकांना मौज वाटली. दुकाने मिटेनात, मुले खेळून घरी येईनात. मग मौज संपली. कुणाला झोप लागेना. मधे रात्र नसल्यामुळे काल कुठे संपला नि आज कुठे सुरू झाला ते कळेना, माणसे झालेले भांडण पुन्हा करू लागली आणि मेलेल्या माणसाची जेवायला वाट बघू लागली. घुबडे रस्त्यावरून पायी चालू लागली. समईवर धरलेल्या वाटीत काजळी धरली, ती पांढरी. आणि सावल्या पातळ झाल्या. आधी झाडांच्या, मग घरांच्या, मग माणसांच्या. माणसे वाटेत थांबून आपल्या पायांशी बघत आणि पुढे जात.

राजाने फर्मान काढले की रात्र व्हावी. झाली नाही.

राजकन्या जन्मल्यापासून थोडीच निजली होती, आता तीही नीज तुटली. मोठ्यांच्या अंगी जन्मभराचा काळोख साठलेला असतो, त्यावर ते तग धरतात. तिच्याजवळ सव्वा महिन्याचाच होता. तो लवकर सरला. राणीने एकदा तिची मूठ उघडली तर तळहातातून पाळण्याची नक्षी दिसली. राणीने हात झटकन मिटला आणि पुन्हा हळूच उघडला. नक्षी होतीच.

दाई म्हणाली, “महाराज, बघा. आपण नजर काढली की बाळ जास्त विरतं. नजर असली की थांबतं.”

तेव्हा राजा पाळण्याशी मांडी घालून बसला आणि पापणी न लववता लेकीकडे बघू लागला. बाकी राज्य त्याच्याने सावरत नव्हते, हे एक काम त्याला करता येण्याजोगे होते.

राणी कोनाड्यापाशी गेली आणि डबीपुढे डोके टेकून रडली. तिला आता सगळे कळले होते, आणि फार उशिरा कळले होते. तेव्हा झाकणावर खरखर झाली. गवतातला कावळा मान बाहेर काढत होता. त्याने एक पंख सोडवला, मग दुसरा, आणि कोनाड्याच्या कडेवर येऊन बसला. तो तांब्याचा लाल झाला होता.

“राणी, माझा रंग कुठे?” कावळा म्हणाला.

“मोरीतून गेला,” राणी म्हणाली. “मी घासला.”

“थंडी वाजते. आणि लाल कावळ्याला कावळ्यांत कुणी घेत नाही.”

“रंग परत कसा येईल?”

“उगवतीच्या बेटांवर तोमे नावाची म्हातारी राहते. धातूंना रंग देते. रात्रींची घरं तीच करते. तिच्याकडे तीन वस्तू न्याव्या लागतात. पहिली, रात्र प्यालेला मुळा.”

“मुळा?”

“मुळा. किसून रस काढतात. तुला चिंच कळते, तिला मुळा कळतो. दुसरी, कधीच न घासलेल्या तांब्यावरचं हिरवं. तिसरी, ज्याला दिसायची हौस नाही असं सोनं.”

राणीने डोळे पुसले. आपण ते काळे पाणी ओतले त्या मोरीशी जाऊन ती बसली, आणि पन्हळ कुठे जाते ते बघत निघाली. जन्मात तिने ते पाहिले नव्हते. पन्हळ भिंतीखालून परसात गेली होती. तिथे अळू होता, केळी होत्या, आणि त्यांच्या आडोशाला मुळ्याचा एक वाफा होता. साऱ्या राज्यात तेवढ्या पाल्याखाली अंधार होता, परातीएवढा. आणि त्या अंधारात हरवलेले सगळे निशाचर दाटीवाटीने बसले होते. वटवाघळे एकावर एक चिकटली होती. घुबडे डोळे मिटून, पतंग पंख मिटून. सगळे श्वास एका लयीत चालले होते.

राणीने पाल्याला हात घातला. सगळे डोळे एकदम उघडले.

एक म्हातारे घुबड म्हणाले, “हा शेवटचा काळोख आहे. नेऊ नकोस.”

“नेला नाही तर माझी लेक जाईल.”

“नेलास तर आम्ही जाऊ. बदली काय ठेवतेस?”

राणीने पायांशी पाहिले. तिची सावली जुन्या ओढणीसारखी विरली होती, पण होती. ती म्हणाली, “ही ठेवते. रात्र आणून सोडवून नेईन.”

घुबडाने चोचीने सावलीची कड धरली आणि ती तिच्या टाचांपासून सोडवली. दुखले नाही, फक्त पाय एकदम हलके झाले. निशाचर त्या सावलीखाली सरकले आणि राणीने मुळा उपटला. तो आतून बाहेरून काळा होता आणि हाताला गार लागत होता.

आता कधीच न घासलेले तांबे. असे तांबे त्या राज्यात कुठून सापडणार? राणीच्याच दवंडीने खेड्यापाड्यांतल्या कळशा, घंटा, देवांचे टाक, सगळे घासून झाले होते. राणी वणवण फिरली. ज्या घरात विचारी तिथली बाई घाबरून सांगे, “नाही बाईसाहेब, आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे.” लोकांनी डोळे मिटायचे सोडले होते. ते उंबऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे सताड बघत.

शेवटी लाल कावळाच म्हणाला, “राणी, तू कुठे कधी गेली नाहीस, ते आठव.”

राणी थबकली. मग मान खाली घालून नदीकडे चालू लागली. तिथे तिच्या सासूची समाधी होती. समाधीवर तांब्याचा कळस होता. सासू गेल्यापासून राणी तिथे एकदाही गेली नव्हती, आणि राणीच गेली नाही म्हणून कुणी दासीही गेली नव्हती. कळसावर हिरव्या बुरशीसारखा थर चढला होता. राणीने नखाने तो खरवडायला सुरुवात केली.

“सूनबाई,” कळस म्हणाला, “तेवढं एक घासायचं राहिलं होतं का?”

राणीने नख मागे घेतले. आवाज सासूचाच होता, तोच, जरा नाकातला.

“घासत नाही, सासूबाई. थोडं नेते. माझ्या हातून चूक झाली.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. का ते सांगितलं नव्हतं.”

कळस म्हणाला, “मलाही कुणी सांगितलं नव्हतं. विचारायचं राहिलं. ने हवं तेवढं. पोर कशी आहे?”

राणीने पदर तोंडात धरला आणि खूप दिवसांचे रडू त्या दगडावर रडून घेतले. सासूला ती जन्मभर भ्याली होती, आणि आता तिच्याचपाशी रडावेसे वाटले. हिरवा थर निघून आपोआप तिच्या पदरात पडत राहिला.

मग राणी डबी रेशमात गुंडाळून नावेत बसली. कावळा पुढच्या टोकाला, नाळेवर बसला. राज्याची हद्द सरली तिथे समुद्रावर भिंतीसारखी रात्र उभी होती, दुसऱ्यांच्या राज्यांची. नाव आत शिरली, पण ती रात्र राणीला शिवेना. दगडाभोवतून पाणी जावे तशी ती राणीला वळसा घालून गेली. राणीभोवती तेवढा फिक्का उजेड राहिला. त्या उजेडात तिने हात वर केला तर त्यातून वल्ह्याची दांडी दिसली. सावली गहाण टाकल्यापासून तीही विरू लागली होती. तिने हात पदराखाली घेतला आणि कावळ्याला काही सांगितले नाही.

तोमेच्या बेटावर सारे काही धातूचे होते. किनाऱ्यावर धुक्याच्या रंगाचा बगळा एका पायावर उभा होता. त्याने मान वळवली तेव्हा बारीक करकर झाली. घराचे दार शिसवीचे वाटले, त्यावर लाकडाच्या रेषांवर रेषा होत्या. राणीने थाप मारली तर ते घंटेसारखे वाजले. तांबे, चांदी नि काळा धातू यांचे पत्रे एकावर एक तापवून, ठोकून, मग खरवडून त्या रेषा आणलेल्या होत्या. दार उघडले. आत एक ठेंगणी म्हातारी उभी होती. तिच्या मागे फळ्यांवर डब्या होत्या, पार छतापर्यंत, आणि त्या सगळ्या हळूहळू श्वास घेत होत्या.

तोमेने रेशीम सोडले. डबीकडे पाहिले.

“घासलीस?”

“घासली.”

“कशाने?”

“चिंच आणि राख.”

तोमे खाली बसली. मग म्हणाली, “माझ्या आजीच्या आजीने ही केली. रंग यायला तिचं निम्मं आयुष्य गेलं. तुझ्या देशात काळं दिसलं की घाण समजतात का?”

“समजतात,” राणी म्हणाली. “मीही समजत होते.”

राणीचे लक्ष एका फळीकडे गेले. तिथे एक डबी उघडी पडली होती. लाल, लखलखीत. ती श्वास घेत नव्हती.

“ती कुणाची?”

“होती एका राज्याची. तिथल्या राणीला यायला उशीर झाला.”

“आता तिथे काय आहे?”

“उजेड आहे,” तोमे म्हणाली.

राणीने घाईघाईने मुळा नि हिरवा थर पुढे ठेवला. तोमेने मुळा हुंगला आणि मान डोलावली. थर पाण्यात कालवला आणि मडके चुलीवर चढवले. “आता सोनं. नुसता रंग गेला असता तर एवढ्यावर भागलं असतं. तू काळ्याबरोबर त्यातलं सोनंही घासून टाकलंस. निव्वळ तांबं काळं होत नाही. आत सोनं असावं लागतं, आणि ते कुणाला दिसता कामा नये.”

राणीने गळ्यातला चंद्रहार काढून दिला. तोमेने तो ऐरणीवर ठेवून विचारले, “सोन्या, तांब्यात जाशील? पुन्हा दिसणार नाहीस.”

“मला दरबार बघतो,” चंद्रहार म्हणाला.

राणीने पाटल्या काढल्या. पाटल्या म्हणाल्या, “आम्ही वाजलो की दासी उठून उभ्या राहतात.”

राणीने नथ काढली. नथ काही बोललीच नाही, नुसती हसली.

राणीच्या अंगावर आता दुसरा दागिनाही उरला नव्हता. तिच्या कनवटीला मात्र एक वळे होते. दोऱ्याइतके झिजलेले, मळकट, वाकडे. त्या घराण्यातल्या प्रत्येक बाळाला त्याच वळ्याचा वळसा सहाणेवर उगाळून मधाबरोबर चाटवत आले होते. राजाला चाटवले होते, राजाच्या आजोबांना चाटवले होते. राणीला त्याची लाज वाटे, इतके ते ओंगळ दिसे, म्हणून ती ते चारचौघांत काढत नसे. पण लेकीला मात्र रोज सकाळी चाटवत असे. लेकीजवळून निघताना तिने ते उराशी धरायला म्हणून बरोबर घेतले होते.

तिने वळे मुठीत धरले. मूठ उघडेना.

“माझ्या लेकीचं एवढंच माझ्याजवळ आहे,” ती म्हणाली. “मी परत जाईन तेव्हा ती नसली तर मला हे हवं.”

तोमे म्हणाली, “मग ठेव.”

चुलीवर मडके रटरटत होते. फळ्यांवरच्या डब्या श्वास घेत होत्या, आणि ती एक घेत नव्हती. राणीने मूठ उघडली. वळे ऐरणीवर ठेवले. तोमेने त्याला काही विचारायच्या आतच ते गडगडत गेले आणि मुशीत पडले. न दिसता पोटात जाण्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती.

तोमेने डबी तापवून तिला ते सोने पाजले. मुळा किसला, रसात डबी बुडवली. मग कावळ्याकडे पाहिले. “ये.”

“राणी,” कावळा म्हणाला, “आता मी बोलणार नाही. वाटेत सांभाळ.” आणि तो झाकणातल्या आपल्या खाचेत जाऊन बसला. तोमेने डबी दोऱ्याने बांधून हिरव्या उकळत्या पाण्यात सोडली, आणि ती गोल गोल फिरवत राहिली. बाहेर काढली तेव्हा राणीचे तोंड पडले. डबीवर तपकिरी नि हिरवट ओघळ होते. जुन्या मोरीच्या तोंडाशी असतात तसे.

“रंग वाटेत येईल,” तोमे म्हणाली. “रंग येत असताना घाणच दिसते. हात लावू नकोस. पुसू नकोस. जा.”

परतीच्या समुद्रात राणी एकटी होती. डबी मांडीवर रेशमात उघडी होती, कारण तिला वारा लागायला हवा होता. ओघळ तसेच होते. थोड्या वेळाने पाण्याखालून बांगड्यांचा आवाज आला.

“सुवर्चे, अगं ए,” पाण्याखालून तिची मावशी म्हणाली.

“काय गं ते मांडीवर?” आत्या म्हणाली. “शी.”

राणीने खाली पाहिले. माहेरच्या सगळ्या बायका पाण्याखाली नावेबरोबर चालत होत्या, नटूनथटून, तोंडे वर करून. त्यांचे डोळे घासलेल्या ताटांसारखे चकचकीत होते आणि त्यांत बुबुळे नव्हती.

“हिरवा डाग तेवढा पूस. एकच. पदराचं टोक लाव.”

“घरी पाहुणे काय म्हणतील?”

“आईने हेच का शिकवलं?”

राणीचे हात आपणहून उठले. तिने ते मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. बायका पुसटशा आवाजात एकसुरात म्हणू लागल्या, “घास, घास, घास,” आणि नाव त्या ठेक्यावर डोलू लागली. राणी मोठ्याने लेकीची अंगाई म्हणू लागली. तिला पुरती येत नव्हती, येत होती तेवढीच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आणि किनारा दिसू लागला तेव्हा एक मोठी लाट आली, डबी निसटली, राणीने ती झेलली. झेलताना तिचा उघडा अंगठा झाकणाच्या कडेवर टेकला, आणि जरासा फिरला. लाटेमुळे फिरला की आपणहून, ते राणीने पुढे कुणालाही सांगितले नाही.

ती राजवाड्यात धावली. राजा पाळण्याशी तसाच बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते, कोरडे पडले होते, पण उघडे होते. पाळण्यात दुपटे होते आणि दुपट्यावर खळगा होता. बाळ दिसत नव्हते. बाळाचा श्वास ऐकू येत होता.

“आहे,” राजा म्हणाला. “मला दिसते आहे. तू लवकर कर.”

राणीने डबी कोनाड्यात ठेवली आणि रेशीम बाजूला केले. डबी काळी झाली होती. काजळासारखी काळी, आत जांभळी झाक. ओघळ कुठेच नव्हते. गवताची पाती धुक्याच्या रंगाची होती, आणि त्यांत कावळा आपल्या काळ्या पिसांत मान खुपसून बसला होता. फक्त झाकणाच्या कडेला, अंगठ्याएवढ्या जागेत, तांबे लाल राहिले होते.

परसातून, समुद्रावरून, मोरीच्या पन्हळीतून उरलासुरला काळोख सरपटत आला आणि डबीत शिरला. झाकण मिटले. सगळे वाट बघत उभे राहिले. मग झाकण केसभर उचलले गेले.

रात्र आली, पण यावेळी ती एकदम आली नाही. अंगठ्याच्या खुणेपाशी अडखळली. मावळतीला आभाळात एक तांबूस जागा उरली, आणि रात्र तिच्या भोवतीने हळूहळू उतरत राहिली. लोक घराबाहेर आले. असे आभाळ त्यांनी पाहिले नव्हते. कुणीतरी उंबऱ्यावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून घोरू लागले. घुबडांनी राणीची सावली घडी करून आणली आणि तिच्या टाचांशी ठेवली. ती जागच्या जागी चिकटली. राणीने हात वर करून पाहिला. त्याच्या पलीकडचे काही दिसले नाही.

समईची ज्योत पिवळी दिसली. वाटीत काजळी धरली, ती काळी. राणीने बोटावर काजळ घेतले आणि दुपट्यावरच्या खळग्याकडे हात नेला. बोट गालाला लागले. गाल मऊ होता, ऊबदार होता. तिथे काळी तीट उमटली, आणि तिटेभोवती गाल, आणि गालाभोवती लेक.

शास्त्रीबोवांनी आठवण केली, “राणीसाहेब, दिवेलागण झाली. नाव ठेवायचं राहिलं आहे. उज्ज्वला ना?”

“नाही,” राणी म्हणाली. तिने लेकीच्या कानाशी तोंड नेले. “शर्वरी.”

पुढे शर्वरी मोठी झाली, सुनेऐवजी तिलाच ती डबी मिळाली, आणि ‘का’ तेही पहिल्या दिवशी बसवून सांगितले गेले. सासूच्या समाधीचा कळस हिरवा राहिला. राणी तिथे जाई आणि नुसती बसून येई. राज्यात चिंचेला पुन्हा पालवी फुटली. आणि मावळतीची ती तांबूस जागा अजून तिथे आहे. कुणी ती घासायला जात नाही.

पण हे सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी राजाने लेकीला कुशीत घेतले आणि विचारले, “आता मी डोळे मिटू का?” राणी म्हणाली, “मिटा.” राजाने डोळे मिटले. लेकीने तोंड उघडले, हातभर लांब जांभई दिली, आणि निजली.